फादर, पास्टर, डीकन: कोणाचं काम काय

फादर आणि पास्टर म्हणजे एकच, असं कोणी म्हणेल, पण तसं नाही. फादर कॅथलिकांचे, पास्टर (म्हणजे पाळक) प्रोटेस्टंटांचे. कॅथलिकांत दीक्षेच्या (म्हणजे धर्मसेवेचा अधिकार देणाऱ्या विधीच्या) पायऱ्या तीनच: डीकन, धर्मगुरू (म्हणजे आपले फादर) आणि बिशप. कार्डिनल ही चौथी पायरी नव्हे, तो पोपने दिलेला मान. पोपच्या निवडणुकीत मतही ८० वर्षांखालच्या कार्डिनलांनाच असतं. सगळ्यात जास्त घोळ डीकनबद्दल होतो. तो बाप्तिस्मा देतो, लग्न लावतो, प्रवचनही करतो. पण मिस्सा (भाकर आणि द्राक्षारसाची मुख्य उपासना) अर्पण करणं आणि पापनिवेदन ऐकून क्षमा देणं त्याच्या अधिकारात नाही. सिस्टरांनी व्रतं घेतलेली असतात, ही दीक्षा नव्हे.

क्षेत्राचं म्हणाल तर धर्मग्राम (एका चर्चचा परिसर, पॅरिश) प्रमुख धर्मगुरूंकडे, आणि अनेक धर्मग्राम मिळून झालेला धर्मप्रांत बिशपांकडे.

प्रोटेस्टंटांना एकच साचा लावायला जाऊ नका, तिथेच गाडी अडते. प्रेस्बिटेरियन मंडळीत (म्हणजे स्थानिक चर्चमध्ये) पाळकांबरोबर निवडून दिलेले वडील (एल्डर) कारभार पाहतात. बॅप्टिस्टांत प्रत्येक मंडळी स्वायत्त, पाळकही तीच नेमते. अँग्लिकनांनी मात्र बिशप, धर्मगुरू, डीकन ही उतरंड तशीच ठेवली आहे, फक्त त्यांच्या धर्मगुरूंना लग्नाची मुभा असते.