पंचगंगेकाठी सपाट वाट हवी आहे: गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या सासूबाई आणि दोन लहान मुलं सोबत

नमस्कार मंडळी,

जूनमध्ये आमच्या सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. घरात आम्ही सगळे त्यांना आत्या म्हणतो. आता काठी घेऊन बऱ्यापैकी चालतात. डॉक्टरांनी रोज अर्धा तास सपाट जागेवर चालायला सांगितलंय, जिने मात्र शक्यतो टाळायचे. दोन महिने आम्ही इथं कोल्हापुरात रंकाळा तळ्यावर जातोय. जागा छानच आहे. दमल्यावर टेकायला कट्टे आहेत, मुलंही रमतात. पण आत्यांचं मन तिथं लागत नाही. "तळ्याचं पानी एका जागी बसून ऱ्हातंय गं, मला नदीला ने," असं रोज म्हणतात.

त्यांचं माहेर प्रयाग चिखली. कुंभी, कासारी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती मिळून पंचगंगा होते ती तिथंच. २०१९ च्या पुरात भावाच्या घरात पाणी शिरलं होतं, तरी नदीवरची त्यांची माया तसूभर कमी झाली नाही. त्यांना एकदा नदीच्या कडेनं निवांत चालवून आणावं, असं मला मनापासून वाटतंय.

गेल्या रविवारी सकाळी सातला पंचगंगा घाटावर गेलो. पावसाळ्यात पाण्यात बुडणारी ती दगडी देवळं बघून मुलं हरखून गेली. आत्यांना मात्र पायऱ्या उतरणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून त्या वरच बसून राहिल्या. तेवढ्यात सहा वर्षांची लेक खालच्या पायरीपर्यंत धावली. तिथं शेवाळ होतं, तिचा पाय सरकला. यांनी दंड धरला म्हणून वाचली. तेव्हापासून माझा धीरच होत नाही.

शहरात किंवा तासाभराच्या अंतरावर, नदी दिसत राहील अशी किलोमीटरभराची सपाट वाट कुणाला ठाऊक आहे का? धाकटा दीड वर्षाचा आहे, त्याची बाबागाडी ढकलता आली तर फार बरं. पोटरस्ता असला तरी चालेल, फक्त वाहनांची वर्दळ नको. नदीवरच्या राजाराम बंधाऱ्याकडे जावं का?

प्रतिसाद
ताई, मी शुक्रवार पेठेत वाढलोय, म्हणून सांगतो. बंधाऱ्यावरून मुलांना चालवू नका. वाट अरुंद आहे आणि बावड्याकडून वडणग्याला जाणाऱ्या दुचाक्या तिथूनच ये-जा करतात. लांबून काठावरून बघा. घाटावर पाणी संथ वाटतं त्याचं कारणही तो बंधाराच. पावसाळा सरला की बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालतात आणि पाणी मागं तुंबतं. आत्यांना खळाळतं पाणी बघायचं असेल तर ते बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला.

घाट मात्र सोडू नका. रविवार टाळा. ऊन वर आल्यावर जा, दवाची ओल सुकलेली असते. पायऱ्या न उतरता वरच्या बाजूलाच दोन-चार फेऱ्या मारा. सोबत घडीचं स्टूल ठेवा. एका मोठ्या माणसानं फक्त मुलांकडं बघायचं, मोबाईल खिशात. परतताना गंगावेशीत धारोष्ण दूध प्या, आत्या खूश होतील. आणि हे सगळं पुढच्या पावसाळ्याच्या आत. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. पण पाणी त्याच्या कितीतरी आधी घाट गिळतं, आणि ओसरल्यावरही गाळानं पायऱ्या निसरड्या राहतात.

प्रतिसाद
माझ्या आईला मी नरसोबाच्या वाडीला नेते. गाडीतून तासा-सव्वा तासाचा प्रवास आहे. देवळाकडच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना दुकानं, तिथून सावकाश चालत जायचं. देऊळ खाली घाटात आहे, पण पायऱ्या उतरल्या नाहीत तरी वरून नदी डोळेभर दिसते. पौर्णिमेला अजिबात जाऊ नका, गर्दीत काठीचा माणूस हेलपाटतो. पंचगंगा कृष्णेला मिळते ती इथंच. जी नदी आत्यांच्या माहेरी सुरू होते, ती कुठं जाऊन संपते हे त्यांना एकदा दाखवाच. येताना कवठाची बर्फी घ्या.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. दोन्ही प्रतिसाद आत्यांना वाचून दाखवले. दूध ऐकून हसल्या, वाडीचं ऐकल्यावर मात्र थोडा वेळ गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "लगीन झाल्यावर एकदाच गेलते, तुझ्या सासऱ्यांसंगं." रोजच्या चालण्याला घाटाची वरची बाजू, पण पहिली फेरी वाडीला, असं ठरलं. यांना मंगळवारची सुट्टी मिळाली आहे. एवढंच सांगा, वाडीला वरच्या बाजूला बाराच्या सुमारास बसायला सावली मिळते का, आणि बाबागाडी नेऊ की धाकट्याला कडेवरच घेऊ? काठीच्या टोकाचं रबर झिजलंय, ते आजच बदलून आणते.