शेवट माहीत असला म्हणून काय बिघडलं?
प्रीक्वेलचा, म्हणजे आधी येऊन गेलेल्या गोष्टीच्या मागची कथा सांगणाऱ्या चित्रपट-मालिकेचा, शेवट आधीच माहीत असतो, त्यामुळे त्यात जीव नसतो, असं म्हणत तुम्ही प्रीक्वेलवर राग काढलात, पण ते मला अजिबात पटत नाही. 'स्टार वॉर्स'मधल्या 'अँडॉर' या मालिकेचंच बघा. तिचा नायक कॅसियन मरणार हे २०१६च्या 'रोग वन' या चित्रपटात दाखवून झालंय, तरी मालिका सोडवत नाही.

त्यातला नार्किना ५चा तुरुंग आठवा, कॅसियन तिथे कैदी असतो. कैदी अनवाणी आणि फरशीत वीज सोडायची सोय, त्यामुळे पहारेकरीही मोजकेच. स्वतः कैदीच असलेला मुकादम किनो लॉय आपली शिक्षा कधी संपते याचे दिवस मोजत असतो. इथून कुणीच खरं सुटत नाही हे कळल्यावर तोच सगळ्यांना बाहेर काढतो. काठावर येतो, खाली समुद्र, आणि त्याला पोहता येत नाही! पुढे त्याचं काय झालं, मालिका दाखवतच नाही. नायकाचं भविष्य ठाऊक असूनही मी आजही किनोच्या काळजीत आहे.

'बॅबिलॉन ५' या अंतराळातल्या मालिकेने तर शेवट आधी सांगून टाकण्याचं हे काम १९९४मध्येच केलं होतं. आपण वैरी वंशाच्या जी'कारच्या हातून मरणार, दोघांचे हात एकमेकांच्या गळ्यावर असतील, हे त्यातला राजदूत लोंडो पहिल्याच सीझनमध्ये सांगून टाकतो. तो क्षण प्रत्यक्ष येतो तेव्हा मात्र त्याचा अर्थ पार बदललेला असतो. मालिकेचा निर्माता-लेखक स्ट्रॅझिन्स्कीने पाच वर्षांची गोष्ट आधी आखली होती म्हणून हे जमलं.

फ्रँचायझीचं, म्हणजे एकाच विश्वातल्या चित्रपट-मालिकांच्या साखळीचं, मातेरं होतं ते ओळखीचे चेहरे आणून टाळ्या घेण्याच्या नादात. त्याबद्दल तुमचा राग रास्तच आहे, पण तो प्रीक्वेलवर काढू नका.