कोहोबाला 'तपकीर' म्हणावं का?

बोरूवाली: कॅरिबियनमधल्या ताइनो लोकांवरचा मजकूर मराठीत करतेय. ॲनाडेनँथेरा झाडाच्या बियांची पूड, म्हणजे कोहोबा, ते बेचक्यासारख्या नळीने नाकात ओढायचे आणि देवांशी बोलायचे. मी 'तपकीर' लिहिलं. संपादकांची लाल रेघ: "यात तंबाखू कुठून आली?"

पाटीपेन्सिल: रेघ बरोबर आहे. घरात 'नस्य' हा शब्द असताना तपकीर कशाला?

आजीचीडबी: नस्य म्हणजे वैद्य नाकात तेल सोडतो ते. त्याने देव दिसत नाहीत हो!

पाटीपेन्सिल: तेलच असं नाही. प्रधमन नस्यात चूर्ण नळीने फुंकतात.

बोरूवाली: पण हे लोक स्वतःच ओढायचे. फुंकणारा वैद्य कुठून आणू?

रानवाटा: संपादकांचं राहू द्या, जुन्या स्पॅनिश नोंदी वाचून भल्याभल्यांनी कोहोबाला तंबाखूच समजलं होतं. झाड वेगळं आहे हे सॅफर्ड या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९१६ साली दाखवलं. आणि तंबाखूशी साम्य हवंच असेल तर दक्षिण अमेरिकेतल्या ओरिनोको नदीकाठी बघा. तिथे याच झाडाच्या बियांच्या पुडीत गोगलगायीच्या शंखांचा भाजलेला चुना घालायचे. हम्बोल्ट या जर्मन प्रवासी-निसर्गशास्त्रज्ञाने लिहून ठेवलंय. आता सांगा, चुना कुठे लागतो?

आजीचीडबी: हातावर मळायला!! म्हणजे तपकीर नाही, 'मळलेली' म्हणा.

पाटीपेन्सिल: मळलेला. तंबाखू पुल्लिंगी.

आजीचीडबी: आमच्या सातारकडे ती तंबाखू. कोशातून उठून जरा टपरीवर या.

बोरूवाली: आणि झाडाला काय म्हणू? पानं बाभळीसारखी बारीक. विलायती बाभूळ?

रानवाटा: नको! ते नाव वेड्या बाभळीला गेलंय. शेंगावर्गातलं झाड म्हणा आणि पुढे चला.

आजीचीडबी: आजीची तपकीर पितळी डबीत असायची. झाकणावर दोनदा टिचकी, मग चिमूट. पदराच्या एकाच कोपऱ्याला कायम तो रंग. 'तपकिरी' हा शब्द मी तिथे शिकले. माझं तर मत आहे, तप करणाऱ्यांची म्हणून ती तपकीर. कोहोबाला चपखल!

पाटीपेन्सिल: अशा व्युत्पत्ती मीही दिवसाला दहा काढीन.

लिंबूटिंबू: तपकिरी कोण म्हणतं आता? आमच्या शाळेत चॉकलेटी.

पाटीपेन्सिल: चॉकलेटी हा रंग नाही, आळस आहे.

रानवाटा: मग नारिंगी हा रंग की फळ?

बोरूवाली: मंडळी, मजकूर उद्या सकाळी द्यायचाय. तूर्त 'कोहोबाची पूड' लिहून मोकळी होते.

आजीचीडबी: पूड की भुकटी?