आरोग्याच्या कामातून ॲपच्या कामात आलेले कोणी आहात? (अनुभव धागा)

खाडीकाठ
माळा आवरताना जुन्या पिशवीत दंडघेराची पट्टी सापडली, लहान मुलांच्या दंडाला गुंडाळून कुपोषण ओळखायची. लाल, पिवळा, हिरवा; ११.५ सेंमीच्या खाली लाल. अक्षरओळख नसलेल्या आईलाही एका नजरेत कळायचं. हातात घेऊन तिथेच बसले.

गुहागरकडच्या वाड्यांतून सहा वर्षं आरोग्य सर्वेक्षणं केली, आता युजर रिसर्च करते, म्हणजे माणसं ॲप कसं वापरतात, कुठे अडतात ते बघते. मुलाखतीत विचारलं होतं, डिझाइन शिकला नाहीत, मग इथे कशा? तेव्हा नीट सांगता आलं नाही.

एका गरोदर बाईने सांगितलं, लोहाच्या गोळ्या रोज घेते. मी 'होय'वर खूण केली. ती पाणी आणायला आत गेली आणि पडवीतल्या खुंटीवरच्या पिशवीत गोळ्यांची पाकिटं दिसली, न फोडलेली. ती आल्यावर गोळ्यांचा विषयच काढला नाही, जेवणाचं विचारलं. हळूहळू बाहेर आलं: मळमळतं, शौचाला काळं होतं, सासूबाई घाबरल्यात. काळं होणं लोहामुळेच, त्यात घाबरण्यासारखं नाही, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. आज कोणी 'ॲप छान आहे' म्हणालं की ती खुंटी आठवते.

तुम्ही कसे आलात? लिहा.

काजूबोंडू
दोडामार्ग, २०१६, माकडताप, जंगलातल्या गोचिडी चावून होणारा. जंगलात जाऊ नका म्हणून सांगत फिरायचो. साथ आणि काजूचा हंगाम एकाच वेळी, घरी कोण बसणार? गोचीड चावू नये म्हणून अंगाला लावायचं तेल वाटलं, बाटल्या फळीवर तशाच. माणसं पहाटे अंधारात निघायची, दिसणार कशी? मग एका काकींनी बाटली कोयत्याशेजारी ठेवली, तेव्हापासून रोज लावायला लागल्या. आता पैसे पाठवायच्या ॲपवर काम करतो, पण पहिला प्रश्न तोच विचारतो, त्या क्षणी माणसाच्या हातात काय असतं?

मालवणी_चेडू
माझ्या आवशीक अजून समाजना नाय मी काय करतंय ता. सांगान सांगान दमलंय 😄

सुपारीबाग
नवीन येणाऱ्यांसाठी. गटचर्चा, संमती घेणं, घरी जाऊन निरीक्षण हे सगळं बायोडेटात लिहा, इथे तेच लागतं. मला जड गेलं ते नमुन्याचं. चारशे घरांची सवय, आणि इथे जेकब नीलसन या वापरसुलभतेच्या तज्ज्ञाचा हिशोब, पाच जणांकडून ॲप वापरून बघितलं की पुरे. महिनाभर भांडले. मग कळलं, माणूस कुठे अडतो ते शोधायला पाच पुरतात, किती जण अडतात ते सांगायला नाही. प्रश्नच वेगळे. चला, कुकर झाला.

रातांबा
माळा आवरताय म्हणजे गणपतीची तयारी! कोकणकन्येचं मिळालं का कोणाला? आमचं वेटिंगच.

काजूबोंडू
@रातांबा आम्ही एसटीने.

सड्यावरची
मी आशा आहे २००९ पासून. तुमच्यासारखी मुलं ॲप दाखवायला येतात, चांगली असतात, चहा घेऊन जातात. नोंद वहीत करायची, तीच परत फोनवर. वाडीत रेंज नाही, भरायला सड्यावर, वरच्या कातळाच्या माळावर जावं लागतं. हे कोणीतरी लिहून घ्या.

खाडीकाठ
ताई, लिहून घेतेय. पावसात कसं करता?

सड्यावरची
एका हातात छत्री. बोट ओलं असलं की स्क्रीन ऐकत नाही, मग पदराने फोन पुसायचा, बोट पुसायचं, परत पहिल्यापासून. तोवर कधी कधी भरलेलं जातं.

खाडीकाठ
कुठल्या पानावर जातं? उद्या तुमच्याबरोबर सड्यावर आले तर चालेल?

सड्यावरची
या. तीननंतर या, सकाळी लसीकरण आहे.