'परफॉर्मन्स अँग्झायटी'ला मराठीत काय म्हणावं? सभाकंप, धाकधूक की आणखी काही?

बोरू

गायक, वादक आणि नटांच्या मानसिक आरोग्यावरच्या एका पुस्तिकेचा अनुवाद चालू आहे. 'परफॉर्मन्स अँग्झायटी' हा शब्द तीत जवळजवळ पानापानावर येतो. मी 'सादरीकरणाची चिंता' असं लिहिलं होतं. तपासणाऱ्यांनी ते खोडून सगळीकडे 'सभाकंप' केलं. त्यामुळे एक वाक्य असं झालंय: 'कार्यक्रमाआधी हात कापले म्हणजे तुम्हाला सभाकंप आहे असं नाही.' कंप म्हणजेच कापणं. मग हात कापूनही कंप नाही, हे वाचणाऱ्याला कसं पटावं? आणि पुस्तिकेतलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य तेच आहे. काय करावं?

अनुस्वार

तपासणाऱ्यांनी योग्यच केलं. सभाकंप हा मराठीत रुळलेला, नेटका शब्द आहे. त्याची जोडीही तयार आहे, ज्याला तो होत नाही तो सभाधीट. 'सादरीकरणाची चिंता' म्हटलं की उद्याच्या कार्यक्रमाला ध्वनिक्षेपक मिळेल की नाही, याची चिंता वाटते. अडचण त्या एका वाक्याची आहे, शब्दाची नाही. वाक्य बदला.

मंद्र

मला अडचण शब्दाचीच वाटते. कंप हे अनेक लक्षणांपैकी एक, आणि तेही सगळ्यांना होत नाही. व्हायोलिनवाल्याला होतो, तोही ठरावीक जागी: सावकाश, हळू आवाजाचा लांब स्वर असेल आणि गज टोकाकडच्या अर्ध्या भागात आला असेल तेव्हा. तिथे तारेवरचा दाब कमी असतो, गज उड्या मारायला लागतो. वादक घाबरून मूठ आवळतो. स्नायू एकमेकांविरुद्ध ओढायला लागतात आणि थरथर आणखी वाढते. उपाय नेमका उलटा असतो. मूठ सैल सोडायची, कोपरापासूनचं वजन तारेवर येऊ द्यायचं आणि गजाबरोबर श्वास बाहेर सोडायचा.

बासरीवाल्याचा हात कापत नाही, त्याचं तोंड कोरडं पडतं आणि फुंकर फाटते. गायकाचा श्वास छातीच्या वरच्या भागात अडकतो, कंठ वर सरकतो, स्वर चढा लागतो. तबल्यावरची बोटं गार पडतात, कारण अशा वेळी कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात. नुसते हात चोळून भागत नाही, आधी दहा-पंधरा मिनिटं कोमट पाण्यात धरावे लागतात. आणि जवळजवळ सगळ्यांचीच लय चढते. स्वतःची नाडी जलद चालू असते, त्यामुळे योग्य लयही रेंगाळल्यासारखी वाटते. म्हणून लय मंचावर ठरवू नये. आत असतानाच लय मोजणाऱ्या यंत्रावर, मेट्रोनोमवर, आकडा बघून ठेवावा आणि सुरू करण्याआधी दोन आवर्तनं मनात मोजावीत.

या सगळ्याला 'कंप' म्हणायचं? शिवाय संगीतात कंपित ही गमक आहे, म्हणजे स्वर हलवून घेण्याची एक रीत. तिथे कंप हा दोष नाही, अलंकार आहे.

जुनी वही

लक्षणांची यादी निघालीच आहे तर नाट्यशास्त्रातले आठ सात्त्विक भाव आठवावेत: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथु, वैवर्ण्य, अश्रू, प्रलय. थिजणं, घाम, काटा, आवाज फुटणं, थरथर, चेहरा उतरणं, आसवं, शुद्ध हरपणं. मंद्र यांनी सांगितलेलं बरंचसं त्यात येतं. फरक एवढाच की तिथे नटाने हे भाव पात्रासाठी आणायचे असतात, इथे ते न बोलावता नटाच्याच अंगावर येतात. गीतेच्या पहिल्या अध्यायातही तोंड कोरडं पडणं, अंगाला वेपथु आणि हातातलं गांडीव गळणं हे लागोपाठ येतं. त्या अध्यायाचं नाव अर्जुनविषादयोग. म्हणजे मनाच्या अवस्थेला एक शब्द आणि शरीराच्या लक्षणाला दुसरा, ही वेगळी मांडणी आपल्याकडे आधीपासून आहे.

जाता जाता: ताण आणि तान दोन्ही 'तन्' म्हणजे ताणणे या धातूचे. तंतू आणि तंत्रीही त्याच घरातले. 'मंचाचा ताण' हा शब्द वादकाला परका वाटू नये.

अनुस्वार

मग 'सभावेपथु' करा! कंपवाला आक्षेप तिथेही राहील, पण निदान कंपित गमकेशी गल्लत होणार नाही.

विंगेत

वेपथु ऐकून पडद्यामागचा एकही माणूस मान वर करून बघणार नाही. नाटकातले रोजचे शब्द असे: धाकधूक, पोटात गोळा, घशाला कोरड, पाय लटपटणं. वाक्य चुकलं की 'फंबल झालं'. पुढचं काहीच आठवलं नाही की 'ब्लँक झालो'. पुस्तिकेत 'स्मृतिलोप' वगैरे लिहिलंत तर नट घाबरून मेंदूच्या डॉक्टरकडे जाईल. ब्लँक म्हणजे स्मृती गेलेली नसते. पाठांतर एकाच साखळीत झालेलं असतं, कडी निसटली की पुढचं सापडत नाही. म्हणून तालमीत संहितेवर दर दोन-तीन पानांनी खुणा करायच्या आणि कोणी सांगेल त्या खुणेपासून सुरुवात करायची. वादकांनीही बंदिशीचं असंच करावं. नेहमी पहिल्यापासूनच वाजवणारा माणूस मध्ये अडकला की त्याला मागेच जावं लागतं.

आणि 'सभाधीट' या शब्दाशीही माझं भांडण आहे. त्यातून असं वाटतं की भीती नवख्यांना वाटते आणि सवयीने जाते. इंग्लिश नट लॉरेन्स ऑलिव्हिए यांना ती १९६४ च्या सुमाराला, पन्नाशी उलटल्यावर, कीर्तीच्या शिखरावर असताना जडली आणि काही वर्षं टिकली. सहकलाकारांना ते सांगत, प्रवेशात माझ्या डोळ्यांत बघू नका. व्लादिमीर होरोविट्झ यांनी १९५३ ते १९६५ अशी बारा वर्षं जाहीर पियानोवादन थांबवलं होतं. यांना सभाधीट नव्हते म्हणायचं?

कोमल रिषभ

उपचाराच्या बाजूने लिहिते. बोरू, तुमची पुस्तिका बहुधा दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलते आहे. अनुवादात त्या एका शब्दाखाली आल्या म्हणून वाक्य फसलं.

पहिली गोष्ट कार्यक्रमाआधीचं शरीराचं चेतणं. अ‍ॅड्रिनॅलिन वाढतं, नाडी वाढते, सेकंदाला आठ ते बारा वेळा होणारा हाताचा नैसर्गिक सूक्ष्म कंप एरवी दिसत नाही तो दिसायला लागतो. हा आजार नाही. थोडं चेतणं नसेल तर कार्यक्रम पडतोच. दुसरी गोष्ट विकार. भीती महिनोन्‌महिने टिकते, माणूस कार्यक्रम नाकारायला लागतो, आठवडाभर आधीपासून झोप जाते, दारूशिवाय मंचावर पाऊल पडत नाही. अमेरिकी मनोविकार-वर्गीकरणाच्या २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत सामाजिक भयविकाराखाली 'फक्त सादरीकरणापुरता' असा वेगळा प्रकार दिला आहे. निदानासाठी साधारण सहा महिन्यांचा काळ आणि कामात किंवा जगण्यात प्रत्यक्ष अडथळा, दोन्ही पाहतात.

पहिल्याला काहीही म्हणा, धाकधूक छान आहे. दुसऱ्याला मात्र 'विकार' हा शब्द हवाच. तो गाळला तर ज्याला उपचार हवेत तो 'सगळ्यांनाच होतं' असं म्हणत घरी बसेल.

मंद्र

गोळीबद्दल पुस्तिका काय म्हणते? वादकांमध्ये ती सर्रास हातोहात फिरते.

कोमल रिषभ

हातोहात फिरते हाच तर धोका आहे. प्रोप्रॅनोलॉल हे बीटा ब्लॉकर. अमेरिकी ऑर्केस्ट्रा-वादकांच्या १९८० च्या दशकातल्या एका मोठ्या पाहणीत २,२१२ पैकी २७ टक्के वादकांनी बीटा ब्लॉकर वापरल्याचं सांगितलं होतं, आणि त्यातले बरेचजण डॉक्टरांना न विचारता घेत होते. औषध अ‍ॅड्रिनॅलिनची हृदयावरची आणि स्नायूंवरची क्रिया अडवतं. नाडी उतरते, गज स्थिर होतो. मनातली शंका मात्र जशीच्या तशी राहते. दमा असलेल्याची श्वासनलिका आवळू शकते. मधुमेह्याला साखर उतरल्याची खूण म्हणून जी धडधड जाणवते, तीच झाकली जाते. नाडी मुळात मंद असणाऱ्याला चक्कर येते. डॉक्टर देतात तेव्हाही मात्रा लहान असते, तासभर आधी घ्यायची असते, आणि पहिली चाचणी कधीही कार्यक्रमाच्या दिवशी करायची नसते.

तेव्हा बोरू, कृपा करून 'भीतीवरची गोळी' लिहू नका. ती भीतीवर नाही, थरथरीवर आहे. इथे अनुस्वार यांचा कंप अगदी अचूक बसतो: 'कंप कमी करणारं औषध'.

अनुस्वार

म्हणजे कंप टाकाऊ नव्हता तर. पण 'धाकधूक' पुस्तिकेच्या शीर्षकात शोभेल का? ती परीक्षेच्या निकालाची असते, क्रिकेटच्या शेवटच्या षटकाची असते. परिभाषेचा शब्द असा कुठेही चालणारा नसावा.

विंगेत

कुठेही चालतो म्हणूनच तो कळतो. ज्याला रात्री दोनला झोप येत नाही तो परिभाषा शोधत नाही, आपल्याला काय होतंय ते शोधतो.

कोमल रिषभ

शब्दाचा परिणाम खरोखर होतो, हे तपासूनही पाहिलेलं आहे. २०१४ मध्ये अ‍ॅलिसन वुड ब्रूक्स या संशोधिकेचे प्रयोग प्रसिद्ध झाले. लोकांना कॅरिओके यंत्रासमोर गायला लावलं. त्याआधी काहींना 'मी घाबरलोय' अशा अर्थाचं वाक्य म्हणायला सांगितलं, काहींना 'एक्सायटेड' हा शब्द वापरून. दुसऱ्या गटाचं गाणं यंत्राच्या मोजणीत जास्त अचूक निघालं. नाडी काही उतरली नव्हती. फक्त त्याच धडधडीला दुसरं नाव मिळालं होतं. म्हणून 'शांत हो, शांत हो' हा सल्ला फारसा लागू पडत नाही. धावत्या नाडीला शांत म्हणणं मनाला पटत नाही.

आता 'एक्सायटेड'ला मराठीत काय म्हणाल? पुस्तिकेत हा व्यायाम असेल तर ते वाक्य कलाकाराला विंगेत उभं राहून स्वतःशी म्हणायचं आहे.

जुनी वही

'उत्तेजित' मुळीच नको. 'उत्सुक'मध्ये अंग हलत नाही. मला 'स्फुरण' जवळचं वाटतं. स्फुरणे म्हणजे मुळात थरथरणं, स्पंदन पावणं. डोळा स्फुरतो म्हणतो तेच. थरथर तीच, अर्थ उत्साहाचा. आणि मंद्र यांनी कंपित सांगितली, तशी गमकांत स्फुरितही आहेच.

मंद्र

हे आवडलं. 'मला स्फुरण चढलंय' मात्र कोणी स्वतःशी म्हणणार नाही, पोवाड्यातलं वाटतं. 'हुरूप आलाय' म्हणता येईल. किंवा नुसतं 'अंग तयार होतंय'.

बोरू

'अंग तयार होतंय' घेते, त्या पानासाठी. पण विकाराचं नाव अजून अडलंय. आणि नवीन अडचण: पुस्तिकेत चरित्रांच्या चौकटी आहेत. त्यातल्या कलावंतांना मी दोन ठिकाणी 'मनस्वी' म्हटलंय.

कोमल रिषभ

ते आधी काढा. संस्कृतात मनस्वी म्हणजे उदार मनाचा, विचारी. मराठीत आपण तो लहरीपणा, दारू, झोप उडणं, माणसं तोडणं, सगळ्यावर पांघरूण म्हणून वापरतो. माणूस आजारी असतो आणि आपण त्याला विशेषण देतो.

अनुस्वार

हा अन्याय आहे. 'मनस्वी' हे प्रत्येक वेळी पांघरूण नसतं. उत्कटता हा कलेचा भाग आहे. तिला दवाखान्याची भाषा लावली तर प्रत्येक कलावंताचं निदानच करत बसावं लागेल.

कोमल रिषभ

निदान करू नका, वर्णन करा. जर्मन संगीतकार रॉबर्ट शूमान यांनी १८५४ मध्ये ऱ्हाइन नदीत उडी घेतली, त्यांना वाचवलं गेलं आणि १८५६ मध्ये मनोरुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. यात मनस्वी काय आहे? रशियन संगीतकार सर्गेई राख्मानिनॉफ यांचं उदाहरण तर उलट दिशेचं आहे. १८९७ मध्ये त्यांची पहिली सिंफनी सपशेल पडली आणि पुढची काही वर्षं जवळजवळ काही रचता येईना. १९०० मध्ये डॉक्टर निकोलाय दाल यांचे उपचार झाले, त्यानंतर दुसरा पियानो कन्चेर्तो पुरा झाला आणि तो त्यांनी दाल यांनाच अर्पण केला. दुःखातून कला येते असं वाटणाऱ्याने ही अर्पणपत्रिका बघावी. दुःखाच्या वर्षांत कागद कोरा होता.

विंगेत

चौकटींबद्दल आणखी एक. २०१६ च्या ब्रिटनमधल्या संगीतक्षेत्राच्या पाहणीचे आकडे असतील तर जपून लिहा. २,२११ जणांपैकी ७१ टक्क्यांनी तीव्र चिंता किंवा पॅनिक अटॅकचा अनुभव *आल्याचं सांगितलं*. भाग घेणारे आपणहून पुढे आलेले होते. '७१ टक्के कलाकार मानसिक रुग्ण' असं मराठी झालं की बातमी तयार.

आणि कार्यक्रम संपल्यानंतरच्या अवस्थेला पुस्तिकेत शब्द आहे का? दौरा संपतो, रात्री अकराला टाळ्या असतात, साडेबाराला खोलीत एकटा माणूस. शरीर अजून जागं, झोप नाही, दुसऱ्या दिवशी सगळं फिकं. तिथे बरीच पडझड होते, कारण झोपेसाठी पेला आणि उठण्यासाठी कॉफी हे चक्र तिथेच सुरू होतं. कॉफीचा अर्धा अंमल पाच तासांनीही उरतो. संध्याकाळी सहाची कॉफी साडेअकरालाही अंगात असते.

बोरू

मूळ शब्द 'क्रॅश' आहे. मी 'कोसळणे' लिहिलंय.

जुनी वही

कोसळणे फार मोठं झालं, इमारत कोसळते. 'हुरहूर' बघा.

मंद्र

हुरहूर गोड असते. जत्रा संपल्यावरची. इथे गोडवा नाही. 'ओसरणं' कसं वाटतं? पूर ओसरतो, ताप ओसरतो, मागे चिखल राहतो, थकवा राहतो.

अनुस्वार

ओसरणे चांगलं आहे. मान्य.

कोमल रिषभ

मलाही. फक्त त्या पानावर एक ओळ ठेवा: ओसरणं दोन-चार दिवसांत भरून येतं. दोन आठवडे उलटूनही वाद्याला हात लावावासा वाटत नसेल, खाणं-झोप बिघडली असेल किंवा जगणं नको असे विचार येत असतील, तर ते ओसरणं नाही. मग त्याच दिवशी कोणाला तरी सांगायचं आणि डॉक्टरांना गाठायचं. ही ओळ साध्या शब्दांत, ठळक.

बोरू

ठेवते. म्हणजे आत्ता हिशेब असा: आधीची ती धाकधूक, औषधापाशी कंप, नंतरचं ते ओसरणं. विकारासाठी 'मंचभय-विकार' असं पेन्सिलीने लिहून ठेवलंय.

अनुस्वार

मंचभय? मंचाचं भय म्हणजे मंच मोडून पडेल याचं. सभाभय म्हणा, सभा म्हणजे बघणारी माणसं. भीती त्यांच्या नजरेची असते.

मंद्र

ध्वनिमुद्रणाच्या खोलीत कोणीच नसतं. लाल दिवा लागला की तिथेही हात गार पडतात.