‘टोनला जवारी नाही’ असं म्हणता येतं का?

पांढरी पाच:
आमच्या कीबोर्डवाल्यांच्या गटात सध्या टोन, म्हणजे कीबोर्डवरचा आवाज, बनवायची स्पर्धा चालू आहे. सर्ज एक्सटी हा मोफत सिंथ (कॉम्प्युटरवर आवाज घडवायचं सॉफ्टवेअर) सगळ्यांनी उतरवून घ्यायचा, कोऱ्या पॅचपासून, म्हणजे आवाजाच्या रिकाम्या मांडणीपासून, सुरुवात करून आपला आवाज बांधायचा आणि फाइल पाठवायची. रेकॉर्ड केलेले नमुने चालणार नाहीत. गुणपत्रक मराठीत करायचं काम माझ्याकडे आलंय आणि दोन ठिकाणी अडलोय.

पहिलं, ‘प्लेएबिलिटी’चा रकाना. काही पॅच एक पट्टी दाबून धरली की भारी वाटतात, पण दोन्ही हातांनी वाजवायला बसलं की नुसती गिचमीड होते. किंवा बोट हलकं पडो नाहीतर जोरात, आवाज तोच. या गुणाला काय म्हणायचं? ‘वादनीयता’ कुणी बोलताना वापरेल असं वाटत नाही.

दुसरं, एका परीक्षकांनी शेरा लिहिलाय, ‘टोन गोड आहे, पण जवारी नाही.’ स्पर्धकाची हरकत अशी की जवारी तंबोऱ्याच्या किंवा सतारीच्या घोडीला (तारा जिच्यावर टेकतात तिला) असते, सिंथला घोडीच नाही, मग गुण कशाचे कापले? मी लहानपणापासून ‘जवारीदार आवाज’ हे गाणाऱ्यांबद्दल ऐकत आलोय. बरोबर कोण?

शब्दवेल्हाळ:
‘वादनसुलभता’ लिहा. आणि त्याआधी टोन नि पॅच यांचं काहीतरी करा. पॅच म्हणजे ठिगळ. जो आवाज माणसाने रात्र जागवून बांधला त्याला ठिगळ म्हणायचं? ‘नादबंध’ म्हणा. दिग्दर्शक, महापौर हे शब्दही पहिल्या दिवशी जड वाटलेच असतील. आज कुणाला वाटतात?

पांढरी पाच:
सुलभता नकोय, दादा. वाजवायला अवघड असूनही हाताला चिकटून राहणारा पॅच असतो, त्याला मला पूर्ण गुण द्यायचेत.

ऑक्टोपॅडवाला:
आमच्याकडे यात कसलाच घोळ नाही. कीबोर्डवर टोन, ऑक्टोपॅडवर (काठ्यांनी वाजवायच्या इलेक्ट्रॉनिक तालवाद्यावर) पॅच. हळदीच्या कार्यक्रमात पुढचं गाणं सुरू व्हायच्या आत मला कुणी ‘हलगीचा पॅच लाव’ म्हणालं की माझा हात आपोआप जातो. ‘हलगीचा नादबंध लाव’ म्हणेपर्यंत नवरदेव आंघोळ करून बाहेर येईल. शब्द कामाच्या वेगाने चालला पाहिजे.

खर्ज:
पॅचला ठिगळ समजणं हा त्या शब्दावर अन्याय आहे. १९६४ च्या सुमाराला रॉबर्ट मूग आणि डॉन बुकला यांनी जे सिंथ केले त्यांत प्रत्येक काम करणारा डबा वेगळा होता. सूर काढणारा एक, सूर गाळणारा दुसरा, आवाजाची चढउतार ठरवणारा तिसरा. ते एकमेकांना वायरींनी जोडायचे. त्या वायरी म्हणजे पॅच कॉर्ड, आणि ती अख्खी जोडणी म्हणजे पॅच. टेलिफोन एक्स्चेंजच्या पाटीवरून आलेला शब्द आहे तो. आपल्याकडेही अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये डेव्हिड ट्यूडर यांनी असा मूग बसवला होता. वायरी काढल्या की आवाज गेला. परत हवा असेल तर कुठली वायर कुठे आणि कुठलं बटण किती फिरवलेलं, हे कागदावर काढून ठेवायचं. १९७८ मध्ये प्रॉफेट-५ आला, त्याने चाळीस आवाज स्मरणात ठेवायची सोय दिली. तेव्हापासून ‘पॅच’ म्हणजे जोडणीऐवजी जतन केलेला आवाज झाला.

तेव्हा मराठी शब्द हवाच असेल तर तो ‘जोडणी’ किंवा ‘बांधणी’च्या अंगाने जायला हवा. ‘नादबंध’ त्या दृष्टीने वाईट नाही, पण जो शब्द तोंडात रुळलाय तो मी तरी काढणार नाही. पेटीला संवादिनी म्हणायला लागून किती वर्षं झाली? कार्यक्रमपत्रिकेत संवादिनी छापतात आणि मंचावर ‘पेटी जरा वर घ्या’ असंच ऐकू येतं.

शब्दवेल्हाळ:
म्हणजे कार्यक्रमपत्रिकेत ती आहे ना? गुणपत्रकही छापीलच असतं. बोलताना टोन म्हणा, लिहिताना नीट लिहा, इतकंच माझं म्हणणं.

खर्ज:
नीट लिहायचं तर ‘टोन’ आधी काढावा लागेल. रोलंडच्या एक्सपी मालिकेत एक पॅच चार टोन मिळून होतो. टोन हा भाग, पॅच हा पूर्ण. आपल्या वादकांनी भागाचं नाव पूर्णाला दिलं.

ऑक्टोपॅडवाला:
काका, आमचा टोन रोलंडवरून आलाच नाही. तो कॅसिओवरून आला. माझ्या लहानपणी कुठल्याही कंपनीचा कीबोर्ड असो, घरात त्याला ‘कॅसिओ’च म्हणायचे. त्याच्या पुठ्ठ्यावर टोन किती नि ऱ्हिदम किती ते मोठ्या अक्षरात छापलेलं असायचं. कंपनीने पहिल्या कीबोर्डाचं नावच कॅसिओटोन ठेवलं होतं, १९८० ला. यामाहावाले व्हॉइस म्हणतात, कोर्गवाले प्रोग्रॅम म्हणतात. प्रत्येक कंपनीचं वेगळं बारसं. आम्ही त्यातलं एक उचललं आणि सगळ्यांना लावलं. चुकलं कुठे?

घोडीसूत:
जवारीबद्दल कुणीच बोलत नाहीये. माझं आजोळ मिरजेचं. सतारमेकरांची दुकानं पायाखालची, त्यामुळे थोडं लांब लिहितो.

तंबोऱ्याच्या घोडीचा माथा सपाट दिसला तरी सपाट नसतो. पुढे अगदी बारीक उतार असतो. तार कंप पावताना त्या उतारावर टेकते-सुटते, टेकते-सुटते. कारागीर कानशीने तो माथा घासतो, तार छेडतो, कान लावतो, परत एकच हात मारतो. मग तारेखाली सुताचा धागा घालून तो मागेपुढे सरकवायचा. एका जागी आवाज बसका असतो. धागा किंचित सरकला की तीच तार एकदम फुलते आणि खर्जातून स्वयंभू गंधार, म्हणजे कुणी न छेडता आपोआप ऐकू येणारा ग, वर यायला लागतो. त्याच्या पुढे सरकवलात की नुसती चरचर. या सगळ्या कामाला आमच्याकडे ‘जवारी काढणे’ म्हणतात. फार उघडी ती खुली जवारी, दबकी ती बंद.

सर सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्येच दाखवलं होतं की तार ज्या बिंदूवर छेडली तिथे जे उपस्वर (मूळ सुरासोबत वाजणारे वरचे बारीक सूर) मरायला हवेत, ते या घोडीमुळे मरत नाहीत, चांगले ठणठणीत ऐकू येतात. म्हणजे जवारी हा घोडीने केलेला चमत्कार आहे. घोडी नाही तर जवारी नाही. स्पर्धकाचं बरोबर आहे.

मंद्रसप्तक:
घोडीसूतदादा, वर्णन फार सुंदर केलंत, पण निष्कर्ष पटला नाही. मी गाणं शिकवते. गळ्यात कुठे घोडी आहे? तरी आमच्या गुरुजी ‘आज आवाजाला जवारी लागलीय’ म्हणायच्या आणि सगळ्या वर्गाला कळायचं. आवाज मोठा झाला, गोड झाला असं काही त्यांना म्हणायचं नसे. आकार लावला की त्याच्या आत एक धार आणि गुंजन एकदम ऐकू येतं, ते त्या सांगत होत्या. शब्द एका वाद्यावरून सुटून गुणाला चिकटला. हा गुण सिंथमध्ये का नसावा?

पांढरी पाच:
ताई, तो पॅच मी स्वतः उघडून बघितलाय, म्हणून सांगतो. सर्जमध्ये ‘स्ट्रिंग’ नावाचा ऑसिलेटर (मूळ सूर काढणारा भाग) आहे, छेडलेल्या तारेचा. स्पर्धकाने तो घेतलाय, त्यावर फिल्टर (सूर गाळणारा भाग) लावलाय आणि सूर लागल्याबरोबर फिल्टर हळूहळू बंद होतो. त्यामुळे वरची चमक सगळी एकदम विझते. तंबोऱ्यात तसं होत नाही. चमकेचा एक पट्टा वरून खाली सावकाश उतरत येतो, एकेक उपस्वर पेटवत. परीक्षकांना बहुतेक तेच हवं होतं. पॅचचं नावही स्पर्धकाने ‘तंबोरा पॅड’ ठेवलंय.

घोडीसूत:
नाव तंबोरा ठेवलं असेल तर मग शेरा योग्य. ज्याने तंबोऱ्याचं नाव घेतलं त्याला जवारीचा हिशोब द्यावाच लागेल. पण उद्या कुणाच्या बासला किंवा ब्रासला ‘जवारी नाही’ म्हणू नका. तिथे तो शब्द नुसता शोभेचा.

मंद्रसप्तक:
तिथेही चालेल असं मला वाटतं. बासला जवारी असू शकते, आणि नसली तर तो बोदा लागतो. आणि परीक्षकांनी शब्द वापरण्याआधी कान सारखे करून घ्यावेत. जो पॅच जरा मोठा वाजतो तो हमखास जास्त भरीव वाटतो. आधी सगळ्यांची पातळी एक करा, रिव्हर्ब (दालनात घुमल्यासारखा परिणाम) बंद करा, प्रत्येक पॅचवर तीच ओळ खर्जात आणि तारसप्तकात वाजवून ऐका. पुष्कळ ‘जवारी’ ही रिव्हर्बची असते, बंद केला की राहते कोरडी पिपाणी. माझ्या मते रकाने असे हवेत: आघात, आस, घुमारा, धार. सूर लागतो कसा, टिकतो कसा, पोटात किती आहे आणि पुढे किती येतो. हे सगळे शब्द आपल्या रियाजातले आहेत, कुठून आणावे लागत नाहीत.

खर्ज:
‘आस’ सस्टेनला की रिलीजला? सिंथमध्ये त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ॲटॅक (सूर चढायला), डिके (तिथून उतरायला) आणि रिलीज (पट्टी सोडल्यावर विझायला) हे वेळ मोजतात; सस्टेन ही पातळी आहे, पट्टी धरलेली असताना आवाज कुठे स्थिरावतो ती. आस म्हणजे तार सोडल्यावर जे मागे राहतं ते. म्हणजे रिलीज.

मंद्रसप्तक:
तार छेडल्यानंतर जे राहतं ते. छेडलेल्या तारेला ‘धरून ठेवणं’ असा प्रकारच नसतो, त्यामुळे डिके आणि रिलीज दोन्ही मिळून आस. पेटीला आणि ऑर्गनला सस्टेन असतो. तंबोऱ्याला फक्त आस.

खर्ज:
मग तुमच्या चार रकान्यांत धरून ठेवलेल्या सुराला जागाच उरली नाही. पॅडचे, म्हणजे लांब धरून ठेवायच्या सुरांचे, सगळे पॅच कुठे मोजणार?

शब्दवेल्हाळ:
‘जवारी’चा उगमही बघा. ‘जीव’पासून ‘जीवारी’, तिची जवारी झाली. तारेला जीव देणारी ती जवारी.

घोडीसूत:
हे लोक फार सांगतात, पण ते गोड म्हणून सांगतात. माझे मामा ‘जव’पासून सांगायचे. सूत घातल्यावर तार घोडीपासून जवाच्या टोकाइतकीच उचलली जाते, म्हणून जवारी. हातात धागा धरलेल्या माणसाला हीच व्युत्पत्ती पटते.

शब्दवेल्हाळ:
हातात धागा धरला म्हणून भाषाशास्त्र कळतं असं नाही. ‘आरी’ प्रत्यय कुठून आला ते मामांनी सांगितलं होतं का?

घोडीसूत:
तुमच्या ‘जीव’ला तरी तो कुठून आला?

ऑक्टोपॅडवाला:
तुमचं चालू द्या, मी वाजवणाऱ्यांच्या बाजूने एक विचारतो. १९९१ च्या जनरल मिडीच्या, म्हणजे सगळ्या कंपन्यांच्या कीबोर्डांसाठी ठरवलेल्या एकसारख्या यादीत एकशे अठ्ठावीस आवाज आहेत. १०५ वर सितार आणि ११२ वर आपली सनई, तिचं नाव ‘शनाई’ असं छापलंय. कुठल्याही कीबोर्डवर तो नंबर लावा, सनई येतच नाही. नाकातून कुणी गुणगुणल्यासारखं येतं. आणि आमच्याकडे लग्नात मुहूर्ताला तेच लावतात. त्याला कसले गुण द्यायचे?

मंद्रसप्तक:
त्यात दोष सगळा आवाजाचा नाही. सनईचा सूर मुळात पट्टीवर उभा राहत नाही, तो सरकत येतो. बेंडचं चाक (सूर सरकवायचं कीबोर्डवरचं चाक) मुळात वरखाली दोन-दोन अर्धस्वरच वाकतं. वादक ते चाक हातही न लावता पेटीसारखा वाजवत असेल तर १०५ काय नि ११२ काय, सगळं सारखंच लागणार.

ऑक्टोपॅडवाला:
ताई, चाक आम्ही रोज फिरवतो. मी बारा अर्धस्वरांवर ठेवूनही वाजवून बघितलंय. सूर सरकतो, पण फुंक नाही. सनईवाला सूर लावायच्या आधी पत्तीवर जो श्वास आपटतो ना, तो पहिला फुत्कार यादीतल्या आवाजात नाहीच. मी दुसऱ्या एका टोनमधला सळसळीचा आवाज काढून त्याच्या खाली जोडला, बोट जोरात पडलं तरच तो ऐकू येईल असा बसवला. तेव्हा मंडपातल्या म्हाताऱ्या माणसांनी माना वळवल्या.

घोडीसूत:
पत्ती ताडाची की नुसत्या सळसळीची हे कसं ओळखायचं? तो पॅच पाठवा इथे, मी ऐकतो.

खर्ज:
मलाही पाठवा. आणि किती टोन जोडलेत तेही लिहा, म्हणजे त्याला टोन म्हणायचं की पॅच ते बघू.