आईच्या आयुष्याची सालं कशी लावायची?

गिरणगावकर_दिनू:
नमस्कार मंडळी. येत्या श्रावणात आईला जाऊन वर्ष होईल. वर्षश्राद्धाला स्टीलचे डबे वाटण्यापेक्षा नातवंडांसाठी तिच्यावर एक छोटी पुस्तिका काढू असं भावंडांचं ठरलं आणि लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. आठवणी ढीगभर आहेत पण साल एकीचंही नाही. आधारवर जन्म ०१/०१/१९५०, तो कोणीतरी अंदाजपंचे टाकलेला. माहेर पाटण तालुक्यातलं, शाळेचं तोंड बघितलं नाही त्यामुळे दाखला नाही. आईची आई सांगायची की ही पोटात असताना पत्री सरकारची (इंग्रजांविरुद्धच्या आपल्या समांतर सरकारची) माणसं रात्रीबेरात्री भाकरीला यायची. लग्नात आहेर मोजताना आणे धरायचे की नवे पैसे यावरून म्हणे दोन काका भांडले. आणि भूकंप झाला तेव्हा आई मधल्या ताईची ओली बाळंतीण होती, बाजेसकट अंगणात काढली तिला, थंडीत. नंतर मुंबई, वडील गिरणीत, आणि लालबागच्या एका खोलीत आईची खाणावळ. नातू विचारतो आजी किती वर्षांची होती, तर काय सांगू?

सातारी_कंदी:
अहो दिनूभाऊ, सगळी सालं तुम्हीच दिलीत की! पत्री सरकार आपल्याकडे साधारण १९४३ ते ४६. म्हणजे जन्म त्याच तीन-चार वर्षांतला, आधारवरचा १९५० सोडून द्या. नवे पैसे आले १ एप्रिल १९५७ ला आणि जुनी नाणी पुढे काही वर्षं बरोबरच चालायची, भांडण त्यातलंच. म्हणजे लग्न ५७-५८ च्या उन्हाळ्यात धरा, तेव्हा आई अकरा ते पंधराच्या मधली असणार, त्या काळी चालायचंच. आधार खरं मानलं तर सात वर्षांच्या पोरीचं लग्न लावावं लागेल! कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७, पहाटे चारच्या पुढे. ओली बाळंतीण म्हणजे सव्वा महिन्याच्या आतली, तर ताईंचा जन्म नोव्हेंबर किंवा डिसेंबरच्या सुरुवातीचा. त्यांच्या दाखल्यावर १ जून असेल बघा, आमच्या अख्ख्या वर्गाचा वाढदिवस १ जूनला असायचा, मास्तरांची कृपा.

मीरा_वाई:
कंदींनी बरोबर पकडलंय. अजून एक, माहेरी माळ्यावरची भांडी उतरवून बघा. आपल्याकडे लग्नातल्या हंडा, कळशी, तांब्यावर देणाऱ्याचं नाव आणि तारीख कोरून देतात, माझ्या आजीच्या लग्नाची तारीख आम्हाला एका परातीच्या काठावर सापडली, चिंचेने घासल्यावर. हेळवी, म्हणजे घराण्याची वंशावळ वहीत ठेवणारे, येत असतील तुमच्याकडे तर त्यांनाही विचारा पण त्यांच्या वहीत पुरुषांची पिढी नीट मिळते, बायकांचं काही खरं नाही.

परळची_सून:
माझ्या सासूबाईंची पण खाणावळ होती म्हणून राहवेना. सालं लावा पण खाणावळीला दोन ओळींत गुंडाळू नका हो. आमच्याकडे पहिल्या पाळीचे मेंबर (जेवायला येणारे गिरणी कामगार) आणि रात्रपाळीचे मेंबर वेगळे, म्हणजे स्टो विझायचाच नाही. पैसे पगार झाल्यावर, तोपर्यंत वाण्याची उधारी, आणि उधारी फिटेना की सावकार, मंगळसूत्र गहाण. १९७५ ला प्रेमाताई पुरव यांनी या बायकांसाठी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, बायका गट करून एकमेकींना जामीन राहायच्या आणि राष्ट्रीयीकृत बँकेकडून कर्ज मिळायचं. आई त्यात होत्या का विचारा जुन्या शेजारणींना. कर्जाचं पासबुक सापडलं तर जपून ठेवा, रेशनकार्डावर घर वडिलांच्या नावावर असतं, पासबुकावर ती स्वतः असते. गिरणी संपाचं पण लिहा, १८ जानेवारी १९८२ पासून पुढे पगारच नाही तर मेंबर पैसे कुठून देणार, कितीतरी गावाला निघून गेले ते आलेच नाहीत. सासूबाई शेवटपर्यंत सांगायच्या कोणाकडे किती राहिलेत ते. आणि एक, आईला देवी करून टाकू नका. चिडायच्या कोणावर, काय आवडायचं नाही, तेही येऊ द्या, नातवंडांना तेच वाचायचं असतं.

गिरणगावकर_दिनू:
सगळ्यांचे आभार, मी आठवडाभर गायब होतो कारण गावाला जाऊन आलो. मामाच्या माळ्यावर कळशी मिळाली, वैशाख शके १८८० असं कोरलंय, म्हणजे एप्रिल-मे १९५८, कंदीसाहेब मानलं तुम्हाला. पासबुक नाही मिळालं पण समोरच्या चाळीतल्या काकू म्हणाल्या की आई अन्नपूर्णाच्या गटात होती आणि एका बाईने हप्ता चुकवला तेव्हा आईने तिच्या दारात जाऊन एवढा तमाशा केला की पूर्ण मजला बाहेर आला! हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. पुस्तिकेत घालणारच. फक्त ताई चिडलीय, दाखल्यावर खरंच १ जून १९६८ निघालं, म्हणते माझी पन्नाशी तुम्ही अर्धं वर्ष उशिरा केलीत, आता साठीचा हॉल नोव्हेंबरचाच बुक करा.